टायरमध्ये नायट्रोजन : गरज की निव्वळ हौस?

पेट्रोल पंपावर गाडी उभी राहिली की हवा भरणारा मुलगा आता दोन प्रश्न विचारतो. 'किती भरू?' हा जुना प्रश्न झाला. 'साधी की नायट्रोजन?' हा त्याला जोडून आलेला नवा प्रश्न. साध्या हवेला पैसे पडत नाहीत, नायट्रोजनला पडतात. एका चाकामागे ही रक्कम फार मोठी नसते. शिवाय टायर थंड राहतो, हवा उतरत नाही, मायलेज वाढते, रिम गंजत नाही आणि द्रुतगती मार्गावर टायर फुटत नाही, अशी लाभांची यादीही सोबत ऐकवली जाते. विमानात आणि शर्यतीच्या गाड्यांत हाच वायू वापरतात, हा दाखला शेवटी हमखास येतो. मग व्हॉल्व्हवर हिरवे टोपण चढते आणि गाडीमालक निश्चिंत मनाने पुढे निघतो.

ही निश्चिंती कितपत खरी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग यांसारख्या रस्त्यांवर तासन् तास एकाच वेगाने गाडी चालवणे आता सामान्य कुटुंबांच्याही सवयीचे झाले आहे. अशा प्रवासात चार टायर हाच काय तो गाडीचा रस्त्याशी संबंध. त्यामुळे टायरमध्ये काय भरावे यापेक्षा टायर सुरक्षित कशाने राहतो, याचे उत्तर विज्ञानाच्या आधारे तपासणे अगत्याचे ठरते.

हवेत असते काय?

पहिली गोष्ट अशी की, ज्याला 'साधी हवा' म्हणतात ती मुळातच बहुतांशी नायट्रोजन असते. कोरड्या हवेत आकारमानाने सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि जेमतेम एक टक्का आरगॉन व अन्य वायू असतात. त्यात बाष्पाची भर पडते. हे बाष्प ऋतू व स्थळ यांनुसार कमी-अधिक होते. पंपावरील नायट्रोजन यंत्र काही वेगळा वायू तयार करत नाही. बाहेरची हवाच ते आत ओढते, विशिष्ट पदार्थाच्या थरातून किंवा पातळ पडद्यातून ती जाऊ देते आणि ऑक्सिजन व बाष्प बाजूला काढून उरलेला नायट्रोजन साठवते. म्हणजे ७८ टक्क्यांचा नायट्रोजन ९५ टक्क्यांच्या आसपास नेणे, एवढाच या सेवेचा खरा अर्थ. जो काही फायदा व्हायचा, तो या वाढीव १७ टक्क्यांतून आणि बाष्प काढून टाकल्याने व्हायचा.

विमानांचा दाखला

विमानाच्या टायरमध्ये नायट्रोजन भरतात, हे अगदी खरे आहे. मात्र तेथील कारणे मोटारीला लागू पडत नाहीत. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिको सिटीहून निघालेले मेक्सिकाना कंपनीचे बोइंग ७२७ विमान उड्डाणानंतर काही वेळातच कोसळले आणि त्यातील सर्व १६७ जण मृत्युमुखी पडले. उड्डाणापूर्वी एका चाकाचा ब्रेक अतिशय तापला होता आणि त्या चाकाच्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. चाके पोटात ओढली गेल्यावर त्या बंदिस्त जागेत टायरचा स्फोट झाला, इंधनाच्या व अन्य वाहिन्या तुटल्या आणि आग लागली.

अतितप्त रबरातून ज्वालाग्राही वायू सुटतात. टायरच्या आतच त्यांना ऑक्सिजन मिळाला तर तेथे भडका उडू शकतो. याच धोक्यामुळे अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने १९८७ मध्ये मोठ्या प्रवासी विमानांसाठी बंधन घातले. ब्रेक असलेल्या चाकांच्या टायरमधील ऑक्सिजनचे प्रमाण पाच टक्क्यांहून अधिक असू नये, असा नियम तेथे आहे. त्याखेरीज उंचावर उणे पन्नास अंशांच्या थंडीत टायरमधील बाष्प गोठू नये, हाही हेतू असतो.

ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने टेकणारे, कित्येक टन वजनाचे विमान थांबवताना ब्रेकमध्ये जी उष्णता निर्माण होते, तिची तुलना बोरिवलीहून नरिमन पॉइंटला जाणाऱ्या मोटारीशी होऊ शकत नाही. शर्यतीच्या गाड्यांचेही तसेच आहे. तेथे दाबातील अर्ध्या पाउंडाच्या फरकानेही वळणावरची पकड बदलते, म्हणून संघ कोरडा वायू वापरतात आणि दर फेरीचा हिशेब ठेवतात. रोजच्या वापरातील मोटारीच्या चालकाला इतका सूक्ष्म फरक जाणवणे शक्य नाही.

हवा उतरते ती कशाने?

नायट्रोजनच्या बाजूने केला जाणारा सर्वांत भक्कम दावा म्हणजे टायरमधील दाब अधिक काळ टिकतो. या दाव्यात तथ्य आहे. रबर डोळ्यांना घट्ट दिसत असले तरी वायूंचे रेणू त्यात विरघळून हळूहळू पलीकडे झिरपतात. ऑक्सिजन हा नायट्रोजनपेक्षा सुमारे तीन ते चार पट वेगाने रबरातून पार होतो. ट्यूबलेस टायरच्या आतील बाजूस ब्यूटिल प्रकारच्या रबराचा एक खास थर याच कारणासाठी दिलेला असतो. तरीही थोडी गळती अटळ असते.

हा फरक प्रत्यक्षात किती, याची एक प्रसिद्ध चाचणी अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेने केली होती. निरनिराळ्या बनावटीच्या टायरच्या ३१ जोड्या घेऊन प्रत्येक जोडीतील एका टायरमध्ये हवा आणि दुसऱ्यात नायट्रोजन भरण्यात आला. सर्वांचा दाब ३० पीएसआय ठेवून ते वर्षभर उघड्यावर ठेवले गेले. वर्षअखेरीस हवेच्या टायरमधील दाब सरासरी ३.५ पीएसआयने आणि नायट्रोजनच्या टायरमधील दाब २.२ पीएसआयने घटलेला आढळला. २००७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे वर्षभर कोणीही हात लावला नाही, तर नायट्रोजनमुळे वाचतो तो दाब १.३ पीएसआय. आणि नायट्रोजनचा टायरही वर्षभरात दोन पीएसआयपेक्षा अधिक उतरतोच, हे या चाचणीचे दुसरे, सहसा न सांगितले जाणारे फलित.

येथे आणखी एक बारकावा आहे. टायरमधून झिरपून जाणाऱ्या वायूत ऑक्सिजनचा वाटा अधिक असतो. त्यामुळे साध्या हवेचा टायर थोडा उतरला आणि त्यात पुन्हा साधीच हवा भरली, असे वारंवार होत गेले की आतील नायट्रोजनचे प्रमाण आपोआपच थोडे वाढत जाते. नियमित हवा भरणाऱ्याला हा लाभ फुकट मिळतो.

मायलेजचा हिशेब

दाब कमी असला की टायर रस्त्यावर अधिक दबतो, त्याला ओढायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो आणि इंधन अधिक जळते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार चारही टायरचा सरासरी दाब एका पीएसआयने कमी झाला तर इंधनाची कार्यक्षमता सुमारे ०.२ टक्क्याने घटते.

हा आकडा घेऊन एका सर्वसाधारण मोटारीचा हिशेब मांडता येतो. वर्षाला १२ हजार किलोमीटर आणि लिटरला १५ किलोमीटर धरल्यास वर्षाला ८०० लिटर पेट्रोल लागते. वर्षभर हवा तपासलीच नाही, असे समजले तर नायट्रोजनमुळे वर्षअखेरीस १.३ पीएसआयचा, म्हणजे वर्षभराच्या सरासरीने त्याच्या निम्मा फरक राहील. त्यातून होणारी बचत साधारण एक लिटर. दुसरीकडे, स्टेपनीसह पाच चाकांत दरमहा नायट्रोजनची भर घालण्यासाठी चाकामागे केवळ दहा रुपये धरले तरी वर्षाचा खर्च सहाशे रुपये होतो. शंभर रुपयांच्या आसपासचे लिटरभर पेट्रोल वाचवण्यासाठी सहाशे रुपये खर्च करण्यात आर्थिक शहाणपण नाही. आणि जो दरमहा साधी हवा तपासतो, त्याच्यासाठी ही बचतही जवळजवळ शून्यावर येते, कारण त्याच्या टायरमधील दाब घटायला सवडच मिळत नाही.

वायू बदलल्याने टायर अधिक सहज फिरतो, असाही एक समज आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगशाळेतील चाचण्यांत नायट्रोजनमुळे दाब कमी होण्याचा वेग मंदावल्याचे दिसले. मात्र दाब सारखाच असताना टायरच्या फिरण्यातील अवरोधावर वायूचा थेट परिणाम आढळला नाही. वजनाबाबतही तेच. एका मध्यम आकाराच्या टायरमध्ये भरलेल्या हवेचे वजन जेमतेम सव्वाशे-दीडशे ग्रॅम असते. तिच्या जागी नायट्रोजन भरल्याने त्यात पाच ग्रॅमचाही फरक पडत नाही.

'थंड वायू'चा गैरसमज

नायट्रोजन तापत नाही, त्यामुळे टायरमधील दाब वाढत नाही, हे विधान सर्वाधिक ऐकू येते. ते भौतिकशास्त्राला धरून नाही. बंदिस्त जागेतील वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो आणि टायरमधील दाबाच्या मर्यादेत हा नियम नायट्रोजन, ऑक्सिजन व हवा या तिघांनाही जवळजवळ सारखाच लागू होतो.

सकाळी २७ अंश सेल्सिअसला ३३ पीएसआय दाब भरलेला टायर महामार्गावर तापून आतील वायू ६७ अंशांवर गेला, तर मापकावरचा आकडा ३९ च्या पुढे जातो. आत नायट्रोजन असो वा कोरडी हवा, वाढ सुमारे सहा पीएसआयचीच. याच नियमामुळे पुण्यात जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना आणि एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांना तपासलेल्या एकाच टायरमध्ये चार पीएसआयचा फरक दिसू शकतो. वर्षभराच्या गळतीपेक्षा हा फरक मोठा आहे आणि त्यावर नायट्रोजनकडे कोणताही उपाय नाही.

बाष्पाचा मुद्दा मात्र थोडा वेगळा आहे. कोकण किनारपट्टीवर पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. काँप्रेसर अशी हवा दाबतो तेव्हा त्यातील बाष्पाचे पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. ३० अंशांना टायरमधील बाष्पाचा दाब फार तर ०.६ पीएसआय असू शकतो. त्यामुळे केवळ दमट हवेने फारसे काही बिघडत नाही. परंतु टाकी वेळोवेळी रिकामी केली नसेल आणि हवेबरोबर पाण्याचे थेंबच टायरमध्ये गेले असतील, तर टायर तापल्यावर त्या पाण्याची वाफ होते. ७० अंशांना ही वाफ एकटीच साडेचार पीएसआयपर्यंत दाब वाढवू शकते. पोलादी रिम व व्हॉल्व्ह गंजण्याची शक्यताही त्यातूनच उद्भवते. म्हणजे तक्रार हवेविरुद्ध नसून निष्काळजीपणे ठेवलेल्या काँप्रेसरविरुद्ध आहे. हवा भरण्यापूर्वी नळीतून क्षणभर हवा सोडून पाहिली की तुषार उडतात की नाही, हे लगेच कळते.

भरला जातो तो खरेच नायट्रोजन?

पैसे मोजून घेतलेला नायट्रोजन टायरमध्ये प्रत्यक्षात किती असतो, हा प्रश्न ग्राहक सहसा विचारत नाही. व्हॉल्व्ह काढून टायरमधील सगळी हवा सोडली, तरी टायर 'रिकामा' होत नाही. बाहेरच्या वातावरणाइतका, म्हणजे १४.७ पीएसआय दाबाची हवा आत उरतेच. मापक हा दाब दाखवत नाही. त्यावरचा शून्य म्हणजे बाहेरइतका दाब. अशा टायरमध्ये ९५ टक्के शुद्ध नायट्रोजन ३३ पीएसआयपर्यंत भरला, तर एकूण मिश्रणात ऑक्सिजन सुमारे दहा टक्के राहतो. तोच वायू पुन्हा सोडून दुसऱ्यांदा भरला, तर हे प्रमाण साडेसहा टक्क्यांवर येते. म्हणूनच योग्य पद्धतीत टायर किमान दोनदा रिकामा करून भरावा लागतो. गर्दीच्या वेळी पंपावर ते होईलच, याची खात्री नसते.

'टॉप-अप'ची गंमत तर आणखी मोठी आहे. साध्या हवेचा टायर ३३ वरून २८ वर उतरला आणि त्यात पाच पीएसआय नायट्रोजन भरून घेतला, तर आतील ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साधारण १९ टक्क्यांवर येतो. ग्राहकाने नायट्रोजनचे पैसे दिलेले असतात, व्हॉल्व्हवर हिरवे टोपणही असते आणि टायरमध्ये मात्र जवळजवळ साधीच हवा असते.

लाभ कोणाला?

याचा अर्थ नायट्रोजन निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. ऑक्सिजन रबराच्या आतील थरांत शिरून ते हळूहळू ठिसूळ करतो. आतून ऑक्सिजन कमी मिळाला तर ही प्रक्रिया मंदावते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. मालवाहू ट्रक व बस यांच्या टायरचा सांगाडा शाबूत ठेवून त्यावर नवी नक्षी चढवली जाते आणि असा 'रिमोल्ड' टायर पुन्हा वापरात येतो. तेथे सांगाड्याचे आयुष्य वाढणे म्हणजे थेट पैशांची बचत. मोठा ताफा बाळगणाऱ्या वाहतूकदाराला स्वतःचे नायट्रोजन यंत्र परवडू शकते, ते यामुळेच. महिनोन् महिने झाकून ठेवलेली जुनी हौसेची मोटार किंवा परदेशी राहणाऱ्या मालकाची वर्षातून महिनाभरच वापरली जाणारी गाडी, यांनाही थोडा लाभ संभवतो.

रोज वापरल्या जाणाऱ्या मोटारीचे गणित निराळे असते. तिचा टायर आतून जुना होण्याआधीच बहुधा नक्षी झिजून किंवा ऊन व ओझोन यांमुळे बाहेरून तडे जाऊन निकामी होतो. बाहेरच्या बाजूला तर तीच २१ टक्के ऑक्सिजनची हवा असते. मिश्रधातूच्या रिमला गंजाचा धोका मुळातच कमी असतो.

टायर फुटतो तो कमी हवेने

आता सर्वांत गंभीर दाव्याकडे वळावे लागेल, तो म्हणजे नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही. हवा जास्त झाली, ती तापली आणि फुग्यासारखा टायर फुटला, असे चित्र अनेकांच्या मनात असते. तापल्यावर वाढणारे पाच-सहा पीएसआय सहन करण्याची क्षमता चांगल्या स्थितीतील टायरमध्ये पुरेपूर असते. त्याची रचनाच ती वाढ गृहीत धरून केलेली असते. महामार्गावर घात होतो तो बहुतेकदा याच्या उलट कारणाने, म्हणजे कमी हवेमुळे.

टायर फिरताना रस्त्याला टेकलेला भाग दबतो आणि वर जाताना पुन्हा सरळ होतो. ताशी १२० किलोमीटर वेगात ही क्रिया दर सेकंदाला सतरा-अठरा वेळा घडते. दर वेळी रबरात थोडी उष्णता निर्माण होते. हवा कमी असेल तर टायरच्या बाजूच्या भिंती प्रमाणापेक्षा अधिक वाकतात आणि निर्माण होणारी उष्णता बाहेर पडणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त होते. तास-दोन तास हे चालले की रबर, धागे आणि पोलादी तारांचे पट्टे यांना जोडणारी पकड सैल होते, थर सुटू लागतात आणि टायर फाटतो. वरून एप्रिल-मेचे ऊन, खाली तापलेला काँक्रीटचा रस्ता, आत पाच माणसे आणि टपावर सामान असेल तर हा क्षण लवकर येतो. ही उष्णता रबराच्या वाकण्यातून येत असल्याने आत कोणता वायू आहे, याने त्यात फरक पडत नाही. जुना, गोटा झालेला किंवा खड्ड्यात आपटून बाजूला फुगवटा आलेला टायर नायट्रोजन भरल्याने नवा होत नाही.

या प्रश्नाची दखल धोरणकर्त्यांनी आणि न्यायालयांनीही घेतलेली आहे. ८ जुलै २०१९ रोजी यमुना द्रुतगती मार्गावर बस नाल्यात कोसळून २९ जणांचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी, टायर फुटण्याचे प्रकार रोखण्यासाठी रबरात सिलिकॉन मिसळणे आणि टायरमध्ये नायट्रोजन भरणे सक्तीचे करण्याचा विचार असल्याचे राज्यसभेत सांगितले होते. खासगी मोटारींसाठी अशी सक्ती मात्र नियमांत आलेली नाही. नियमांत आहे ती मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असण्याची अट. समृद्धी महामार्गावरील अपघातांनंतर २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी वाहनांचे टायर तपासण्यास सुरुवात केली, तेव्हाही रोख होता तो टायरच्या झिजेवर.

मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिलेला एक निकालही येथे उद्बोधक ठरतो. २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला येताना मोटारीचे मागचे चाक फुटून झालेल्या अपघातात एका प्रवाशाचा मृत्यू झाला होता. टायर फुटणे ही 'देवाची करणी' आहे, त्यामुळे भरपाई देता येणार नाही, असा विमा कंपनीचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. अतिवेग, कमी किंवा जास्त हवा, जुने टायर, तापमान अशी कारणे टायर फुटण्यामागे असतात आणि प्रवासापूर्वी टायरची स्थिती पाहणे हे चालकाचे कर्तव्य आहे, असा या निकालाचा आशय आहे. सुमारे सव्वा कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश त्यामुळे कायम राहिला.

हिरव्या टोपणाचा धोका

नायट्रोजनचा स्वतःचा असा कोणताही अपाय नाही. धोका आहे तो त्यातून येणाऱ्या बेफिकिरीचा. 'नायट्रोजन भरला आहे, आता चार-सहा महिने बघायला नको' असा समज एकदा झाला की बारीक खिळा, सैल व्हॉल्व्ह किंवा रिमच्या कडेची गळती लक्षात येत नाही. या वाटांनी नायट्रोजनही हवेइतक्याच सहज निघून जातो.

याहून घातक समज म्हणजे नायट्रोजनच्या टायरमध्ये साधी हवा मिसळू नये हा. गणपतीत कोकणात निघालेल्या कुटुंबाच्या गाडीचा एक टायर पळस्पे फाट्यापुढे कुठे तरी उतरलेला दिसला आणि जवळच्या पंपावर नायट्रोजन नसल्याने चालकाने तशीच गाडी पुढे दामटली, तर हौसेने घेतलेली सुरक्षा अपघाताचे कारण ठरू शकते. दोन्ही वायू मिसळल्याने टायरला काहीही इजा होत नाही. कमी दाबाच्या नायट्रोजनपेक्षा योग्य दाबाची साधी हवा केव्हाही श्रेयस्कर.

दाब कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा अनेक नव्या मोटारींत असते. अमेरिकेत २००७ पासून ती नव्या मोटारींना सक्तीची आहे. भारतात ही यंत्रणा व टायर दुरुस्तीचा संच असलेल्या लहान प्रवासी वाहनांना ऑक्टोबर २०२० पासून स्टेपनी न ठेवण्याची मुभा देण्यात आली. मात्र अमेरिकी नियमानुसार हा दिवा दाब २५ टक्क्यांनी घटल्यावर लागणे अपेक्षित असते. म्हणजे ३३ चा टायर २५ च्या जवळ येईपर्यंत तो गप्प राहू शकतो. त्यामुळे ही यंत्रणाही मापकाला पर्याय ठरत नाही.

एकंदरीत पाहता, नायट्रोजनचा लाभ खरा असला तरी छोटा आहे, आणि महिन्यातून एकदा पाच मिनिटे काढणाऱ्याला तो साध्या हवेतूनही मिळतो. नवे टायर घेताना दुकानदाराने नायट्रोजन विनामूल्य भरून दिला, तर तो नाकारण्याचे कारण नाही. त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे किंवा पंप शोधत फिरण्याचे कारण मात्र रोजच्या चालकाला दिसत नाही. तेच पैसे एका चांगल्या मापकावर खर्च केले तर टायरचे आणि त्यावर विसंबणाऱ्यांचे आयुष्य अधिक सुरक्षित होईल.

हवा तपासताना...

* हवा महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी तपासावी. स्टेपनी विसरू नये.

* टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना किंवा दोन किलोमीटरपेक्षा कमी चालली असताना मोजलेला दाबच खरा मानावा.

* किती हवा भरावी, हे चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील तक्त्यात किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, शिफारशीचा नव्हे.

* गाडी माणसांनी व सामानाने भरलेली असेल तेव्हा तक्त्यात त्यासाठी दिलेला वाढीव दाब ठेवावा.

* प्रवासात तापलेल्या टायरमधील हवा वाढलेली दिसली तरी ती सोडू नये. टायर थंड झाल्यावर दाब धोकादायकरीत्या कमी होतो.

* टायरच्या बाजूवरील चार आकडी सांकेतिक क्रमांक पाहावा. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३व्या आठवड्यात तयार झालेला टायर. जुना टायर, नक्षी शाबूत असली तरी, जाणकाराकडून तपासून घ्यावा.

* पेट्रोल पंपावर साधी हवा विनामूल्य मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. नायट्रोजन घेण्याची सक्ती कोणी करू शकत नाही.